उंदीर पडला तेव्हाची प्रार्थना

‘प्रभूची वेळ’ हे शब्द कुणी तोंडातून काढले की अजून मी तिथून उठून जाते. देवाबद्दल माझी तक्रार नाही. ज्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकले, त्या तोंडाची मला किळस आहे.

ते तोंड आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांचं. सगळे त्यांना अण्णा म्हणत. बेळगावच्या शहापुरात आम्हा विणकरांची चार-पाच घरं ख्रिस्ती झाली होती. माग तेच, साड्या त्याच. फक्त नवा माग बसवायचा, पोरीचं लग्न ठरवायचं, तर भटजींचं पंचांग बघणं आम्ही सोडलं होतं. सोडलं कसलं! पंचांगाच्या जागी अण्णांना आणून बसवलं. कुणाला काही करायचं असलं की त्यांना घरी बोलवायचं. ते आधी जेवायचे, ताटातच हात धुवायचे, त्याच ओल्या हातानं मिशा पुसायचे, मग डोळे मिटून प्रार्थना करायचे आणि लई वेळानं सांगायचे, प्रभूची वेळ आली, नाहीतर अजून आली नाही. आली नाही म्हटलं की पुन्हा बोलावणं आलं, पुन्हा जेवण आलं. आणि माझे आप्पा, चांगले शहाणेसुरते विणकर, त्यांच्यापुढं मान खाली घालून बसायचे.

मी दहाएक वर्षांची असताना प्लेग आला. गल्लीत उंदीर पडायला लागले तसे शेजारीपाजारी भांडीकुंडी उचलून माळावर झोपड्यांत राहायला गेले. मामाही गेला. आई ख्रिस्ती झाल्यापासून त्यानं आमच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. त्याचा राग जायची वाट आई वर्षानुवर्षं बघत होती, त्यासाठी प्रार्थना करत होती. पण दर नाताळाला त्याच्या घरी करंज्या धाडायला चुकली नाही. परत आल्या तरी पुढच्या साली पुन्हा धाडायची. वाट बघणं म्हणतात ते हे. त्याच मामानं आता आपणहून निरोप दिला, शेजारी तुमच्यासाठीपण झोपडी घातलीया, या.

अण्णा म्हणाले, पळून जाणं हा अविश्वास. प्रभू सांगेल तेव्हाच उंबरा ओलांडायचा. त्या दिवशीही ते पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांच्या मागाच्या खड्ड्यात, पाय सोडायच्या जागीच, उंदीर मरून पडला होता. टम्म फुगलेला, वास सुटलेला. आप्पांनी तो चिमट्यानं धरून बाहेर टाकला आणि परत मागावर बसले! आई पुढं आली. म्हणाली, “ताण्याच्या सुताला खळ लावायची ती ऊन चढायच्या आत लावता. तवा कुणाला इचारता काय? उठा.” आप्पा म्हणाले, अण्णांना अजून उत्तर आलेलं नाही.

आईनं मला आणि धाकट्या भावाला हाताला धरलं आणि निघाली. थोरल्या आक्कालाही चल म्हणाली. त्यावर आप्पांनी काय विचारावं? मग मला भाकरी कोण घालणार! आक्का पंधरा वर्षांची, बापाच्या शब्दाबाहेर कधी न गेलेली. ती राहिली. आई रोज माळावरून येऊन दारात उभी राहून भांडायची. आप्पा रोज तेच सांगायचे, आज अण्णा येणार आहेत, आजची प्रार्थना होऊ दे. त्या दिवसांत अण्णांना गरम भाकऱ्या थापून वाढल्या त्या आक्कानंच.

मग आक्काच्या जांघेत गाठ आली. तेव्हा कुठं आप्पांना बैलगाडी आणायचं सुचलं. माळावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून ती दुसऱ्या दिवशी गेली. शेवटी शेवटी तिला आईसुद्धा ओळखू येत नव्हती.

मातीला अण्णा आले. उपरण्याचा बोळा नाकाला लावून खड्ड्यापासून लांब उभे राहिले. म्हणाले, प्रभूची वेळ आली आणि त्यानं आपल्या लेकीला बोलावून घेतलं. आईनं मान वर केली. तिचा आवाज चढला नाही.

“देवानं उंदीर पाडला त्या दिवशीच सांगितलं होतं, अण्णा. तुमी जेवत होतासा.”

अण्णांनी डोळे मिटले आणि प्रार्थना पुरी केली. ती संपल्यावर आईनं आमेन म्हटलं नाही, मीही म्हटलं नाही. मामा लांब उभा होता, तो आमच्या मंडळीतला नव्हताच.

आप्पांनी आमेन म्हटलं. मोठ्यानं म्हटलं.