गोल बक्कल, चौकोनी बक्कल

आमच्या नायकाला नाव नव्हतं, कारण त्याचं मुखपृष्ठच फाडलेलं असायचं.

पूर्णा स्टेशनवरचा पुस्तकांचा स्टॉलवाला न खपलेल्या चित्रकथांची मुखपृष्ठं फाडून परत पाठवायचा आणि उरलेली बोडकी पुस्तकं रद्दीत काढायचा. ती रद्दी शेंगदाण्याच्या पुड्यांना जाण्याआधी काका त्यातली दोन-चार उचलून आणायचे. काका म्हणजे आमचे शेजारी. रेल्वे कॉलनीत त्यांच्या आणि आमच्या क्वार्टरमध्ये एकच भिंत होती. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, आणि काका दोघेही फायरमन होते. वाफेच्या इंजिनावर उभं राहून फावड्यानं भट्टीत कोळसा टाकायचा, हे त्यांचं काम. दोघांच्या अंगावर तेच निळे कपडे, हातात तसाच पितळी डबा, भुवयांत तीच काळी पूड. लांबून येणारा माणूस कुणाचा बाप आहे, हे आम्हा मुलींना नुसत्या चालीवरून ओळखावं लागे. दादा झपझप चालायचे, काका पाय ओढत.

काका पालमकडचे, शेतकरी घरातले. आम्ही बौद्ध, पूर्णेजवळच्याच एका खेड्यातले. गावाकडं जे चाललं नसतं ते कॉलनीत खुशाल चालायचं. काकूंच्या चुलीवरची भाकरी आमच्या ताटात यायची आणि मायच्या हातची येसराची आमटी त्यांच्या घरी जायची. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती आणि माझी एकुलती एक मैत्रीण होती. दुसरी मिळावी असा माझा स्वभावच नव्हता. मी जन्मजात भांडकुदळ. कॉलनीतल्या बाकीच्या मुली मला बघून खेळ आवरायच्या. ती तेवढी बसून राहायची.

तर आमची ती चित्रकथा. तिच्यात तोंडावर बुरखा घातलेले दोन शक्तिमान पुरुष होते. दोघंही हातानं लोखंड वाकवायचे, दोघंही छपरावरून उड्या मारायचे. आतली पानं एकाच काळ्या शाईत छापलेली असल्यामुळे दोघांचे अंगरखे सारख्याच राखी रंगाचे. फरक एकच, एकाच्या पट्ट्याचं बक्कल गोल आणि दुसऱ्याचं चौकोनी. मुखपृष्ठ नाही, पहिलं पान नाही, मग चांगला कोण हे कसं कळणार? आमच्या हाती आलेल्या पहिल्या चित्रात गोल बक्कलवाला एका म्हातारीचा हात धरून रस्ता ओलांडत होता. मी तिथल्या तिथं निकाल देऊन टाकला की हाच नायक.

मैत्रिणीला शंका होती. ती बोटं ठेवून ठेवून दाखवायची की बघ, दोघांचे आईबाप एकाच पुरात गेलेत. दोघंही जमिनीखाली राहतात. दोघंही जवळच्या माणसांशी खोटं बोलतात. चौकोनी बक्कलवाला जे करतो तेच गोल बक्कलवालाही करतो. मी म्हणायची, करू दे, पण माझा तो चांगल्यासाठी करतो. कशावरून, असं ती विचारायची. यावर माझ्याकडं एकच उत्तर होतं, ते म्हणजे तिला चिमटा काढणं.

हा खेळ आम्ही अंगणात खेळायचो. त्यात कोण कोण व्हायचं, हे ठरवायची पद्धत आम्ही लोको शेडमधून उचलली होती. शेडमध्ये एखादं नकोसं काम आलं, म्हणजे पुरती न निवलेली भट्टी आत शिरून साफ करायची असली, की फायरमन काड्या ओढत. आगपेटीच्या दोन काड्या मुठीत धरायच्या, त्यातली एक मोडलेली. मोडकी ज्याच्या हाती आली त्यानं मुकाट्यानं भट्टीत उतरायचं. त्यावर पुन्हा चर्चा नाही, कुरकुर नाही. आमच्यात मोडकी काडी म्हणजे चौकोनी बक्कल. त्यानं मार खायचा आणि शेवटी मरायचं. मोडकी माझ्या वाट्याला आली की मी अडून बसायची. ती जरा वेळ माझ्याकडं बघायची आणि आपली अख्खी काडी मला देऊन टाकायची. मग मी तिला मनसोक्त बडवायची.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात रेल्वेचा संप झाला. देशभर झाला, पण आमच्यासाठी तो आमच्या कॉलनीतच झाला. शेडच्या भोंग्याचा आवाज बंद पडला. दादा संपात होते. शेडच्या दारावर उभं राहून ते भाषणंही करायचे, आणि बाकड्यावर उभं राहून बोलणारा माणूस आपला बाप आहे याचा मला इतका अभिमान वाटायचा की मी विनाकारण शेडकडं चकरा मारायची. मग पोलीस लोकांना उचलायला लागले. एक दिवस दादा घरी आलेच नाहीत. कुठं गेले ते मायनं सांगितलं नाही. मला त्याचीही गंमतच वाटली. गोल बक्कलवालाही असाच जमिनीखाली जायचा.

आणि काका कामावर गेले.

मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून विश्वास ठेवावा लागला. सकाळच्या लख्ख उन्हात, पितळी डबा हातात घेऊन, दोन पोलिसांच्या मधून पाय ओढत काका शेडकडं निघाले होते. कॉलनीतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. कुणीतरी गद्दार म्हणालं, मग सगळ्याच म्हणायला लागल्या. काकांनी मान वर केली नाही. दादा जाईपर्यंत हा माणूस त्यांच्या शेजारी उभा राहून घोषणा देत होता.

त्या दिवसापासून काकूंना नळावर कुणी नंबर लावू देईना. सगळ्यांचं भरून झाल्यावर, धार करंगळीएवढी झाली की त्यांची घागर लागायची. त्यांच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर कुणीतरी राख टाकली. माय या कशात नसायची, पण कुणाला अडवायचीही नाही. मी मैत्रिणीशी बोलणं सोडलं. सोडण्याआधी तिला तोंडावर सांगितलं की तुझा बाप चौकोनी बक्कल आहे. ती काहीच बोलली नाही. मला वाटलं, बोलणार काय म्हणा.

तशात एका दुपारी ती भिंतीवरून डोकावली. तिच्या हातात तीच चित्रकथा होती, पण मुखपृष्ठासकट. काकांना कुठल्या तरी दुसऱ्या स्टेशनवर अख्खी प्रत मिळाली होती. बोलायचं नाही हे विसरून मी ती हिसकावून घेतली. मुखपृष्ठावर रंगीत चित्र होतं. निळ्या अंगरख्यातला नायक लाल अंगरख्यातल्या दुष्टाला दरीत ढकलत होता. नायकाचं बक्कल चौकोनी होतं.

मी ते चित्र उलटसुलट करून पाहिलं. वर्षभर आम्ही ज्याचा जयजयकार केला तो चोर होता. म्हातारीचा हात धरला होता तो तिच्या पाटल्या काढायला, हे पहिल्या पानावर स्वच्छ लिहिलेलं होतं. आणि जो दर संध्याकाळी आमच्या अंगणात मार खाऊन मरत होता, तो बिचारा तिला वाचवायला धावत होता. मला इतका धक्का बसला की रडूच आलं. भिंतीपलीकडून ती हळूच म्हणाली, “उगं रडायलीस. म्या म्हणलं न्हवतं, दोघं सारखेच हायती?” मी पुस्तक तिच्या अंगावर फेकलं आणि घरात निघून गेले.

खलनायक तयार करायला लेखकाला दुसरा माणूस लागत नाही, नायकाचाच अंगरखा उलटा करून घातला की झालं, हे मी पुढं मास्तरीण झाल्यावर मुलांना सांगत असे. त्या वयात एवढंच कळलं की माझी फसगत झाली आहे. कुणी केली ते कळायला हिवाळा उजाडावा लागला.

संप मोडला. दादा परत आले, वाळलेले आणि काळवंडलेले. त्यांना कामावर घेतलं नव्हतं. पुढचे कित्येक महिने घरात पगार नव्हता, तरी ज्वारीचा डबा कधी रिकामा झाला नाही. मामानं पाठवली, असं माय सांगायची. थंडी पडली तेव्हा दादांना परत कामावर घेतल्याची बातमी आली. त्यांना हार घालून, गुलाल उधळून, हलगी वाजवत शेडपासून घरापर्यंत आणलं. मिरवणूक काकांच्या दारावरून आली. दार बंद होतं. गल्लीत मी सगळ्यांत पुढं नाचत होते.

त्याच आठवड्यात कळलं की काका बदली मागून अकोल्याकडं चाललेत. त्यांच्याबरोबर एका इंजिनावर चढायला कुणी तयार नव्हतं. बातमी ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. भिंतीपलीकडं भांडी बांधल्याचा आवाज येत होता आणि मला एकच दिसत होतं, की आता त्या घरात दुसरं कुणीतरी येणार आणि ती नसणार. तिच्याशी महिनोन्‌महिने बोलले नव्हते, पण ती भिंतीपलीकडं आहे हे धरूनच मी अबोला पाळत होते.

निघायच्या दिवशी दादा घरातच बसून होते. त्यांचं न जाणं मला बरोबरच वाटलं. मायला म्हणाले, गद्दाराला निरोप कशाला द्यायचा. माय भाकरी थापत होती. तिनं पिठाचे हात तसेच ठेवून माझ्याकडं पाहिलं.

“तुला ज्वारी कुण्या मामानं दिली गं?” ती म्हणाली. “मामाला सोताला खायला न्हाई. काकाच्या पगारातली ज्वारी खाल्लीस तू. आन् तुजा बाप लपला व्हता तो काकाच्याच भावाच्या शेतातल्या आखाड्यावर, पालमला. त्या मान्सानं आपल्या मान्साला सोताच्या ताटात जेवू घातलं.”

मला काही कळेना. मग मायनं सगळंच सांगून टाकलं, दादांच्या देखत. संप फसला तर दोघांच्याही नोकऱ्या जातील आणि दोन्ही घरं उपाशी मरतील, म्हणून दोघांनी ठरवलं होतं की एकानं संपात राहायचं आणि एकानं कामावर जायचं. जो पगार येईल तो दोन्ही चुलींचा. कुणी काय करायचं यासाठी त्यांनी काड्या ओढल्या होत्या. मोडकी ज्याला येईल त्यानं कामावर जायचं.

“मोडकी कुणाला आली?” मी विचारलं.

दादा जमिनीकडं बघत म्हणाले, “मला.”

मी दादांकडं पाहत राहिले. गुलाल अजून त्यांच्या कानामागं होता. ते सांगत होते की मोडकी घ्यायला ते अडले, पण स्वतःसाठी नाही. आपल्यातला माणूस फुटला असं झालं तर सगळ्या समाजाला बोल लागला असता, काका गेले तर तो त्यांना एकट्यालाच लागणार होता. हे खोटं नव्हतं. आजही मला ते खोटं म्हणता येत नाही. पण तेव्हा मला फक्त अंगणातला खेळ दिसला, मी अडून बसलेली आणि समोर ती, हातातली अख्खी काडी पुढं केलेली. ही खोड मला कुठून आली, ते त्या क्षणी मला माझ्या समोर बसलेलं दिसलं आणि मला बापाची शिसारी आली.

“मला न्हाई जमलं असतं,” दादा म्हणाले. “त्याला जमलं.”

मी अनवाणी स्टेशनकडं पळाले. पॅसेंजर उभी होती. काका आणि काकू डब्यात गाठोडी लावत होते, ती खिडकीत बसली होती. मला बघून ती दचकली नाही. मी गज धरले आणि धापा टाकत विचारलं, तुला हे माहीत होतं का.

“काड्या ओढल्या तवा म्या तिथंच व्हते,” ती म्हणाली. “आगपेटी म्याच आणून दिली.”

म्हणजे मी तिच्या बापाला नावं ठेवत होते, नळावरच्या बायांच्या मागं उभी राहून हसत होते, हलगीवर नाचत होते, तेव्हा सगळा वेळ हिला माहीत होतं. माझ्याएवढ्याच मुलीला.

“मंग सांगितलं का न्हाईस मला?”

“काडी घेतल्यावर कुरकुर न्हाई करायची,” ती म्हणाली. जसं काही हे मलाही ठाऊक असायला हवं होतं.

गाडी हलली. मी काही अंतर गज धरून चालले, मग हात सुटला. ती खिडकीतून मागं बघत होती, पण माझ्याकडं नाही, माझ्याही मागं. मी वळून पाहिलं. प्लॅटफॉर्मच्या टोकाला, इंजिनात पाणी भरतात त्या खांबापाशी, निळ्या कपड्यांतला एक माणूस उभा होता. काकाच खाली राहिले, असं मला वाटलं. मी तिकडं धावत सुटले आणि अगदी जवळ जाईपर्यंत ते दादा आहेत हे मला कळलं नाही. ते चालत नव्हते, नुसते उभे होते, म्हणून ओळखू आले नाहीत.