काशम्माचं न रडणारं बाळ

पौषातली थंडी होती. सात वाजले तरी मैंदर्गीतल्या पत्र्यांवरनं दव टिपकत होतं. भीमनगरातली मीनाबाई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. चौथी भाकरी तव्यावरनं उतरवून तिनं पीठ झाकलं, हात धुतले आणि खुंटीवरची पिशवी काढली. पिशवीत वजनाची झोळी, थर्मामीटर आणि घड्याळ. अंगणात लाकडं फोडणारा तिचा नवरा धोंडिराम म्हणाला, ऊन तरी पडू दे की, बाळं काय पळून जात्यात?

"सातवा दिवस हाय आज," एवढंच बोलून ती निघाली.

मीनाबाई गावची आशा. चौदा वर्षं झाली. बाळंतीण घरी आली की तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, असं ठरलेल्या दिवशी जायचं, बाळ तोलायचं, बघायचं. निम्मं गाव तिला मीना म्हणतच नाही, आशाबाईच म्हणतं.

मीनाबाई पोचली तेव्हा काशम्मा ओसरीवर नुकत्याच पडलेल्या उन्हात बसली होती. तिची लेक ऋतुजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि नातवाचं कौतुक काशम्माच्या पोटात मावत नव्हतं. विचारायच्या आधीच तिनं सुरुवात केली. असं गुणाचं बाळ या गल्लीनं बघितलं नव्हतं म्हणे. दोन दिवस हूं नाही की चूं नाही. शेजारणी मुद्दाम बघायला येऊन गेल्या.

"बंगारा हाय, सोनं," काशम्मा म्हणाली. "रडतच न्हाय."

मीनाबाईच्या हातातली पिशवी तिथंच थांबली.

आत ऋतुजा हळूच म्हणाली, काल सांजेपासनं तोंडच लावत नाही, दूध नुसतं वाया जातंय. पोट भरलं असंल, असं काशम्मानं दारातनंच उत्तर दिलं. मीनाबाईनं हात धुऊन ऊबवले नि बाळाकडं वाकली, तशी काशम्मा मध्ये आली. "बेडा, बेडा, नगं," हात हलवत म्हणाली, निजलेल्या लेकराला उठवायचं नसतं.

तरी मीनाबाईनं तळपायावर बोटानं टिचकी मारली. एवढ्यावर कुठल्याही बाळानं घर डोक्यावर घेतलं असतं. ह्यानं नुसतं तोंड वाकडं केलं आणि गप झालं. तिनं अंगडं वर सारलं, घड्याळ लावून एक मिनिट श्वासागणिक होणारी पोटाची हालचाल मोजली. बहात्तर. परत मोजली. चौऱ्याहत्तर. साठाच्या वर गेलं की धोका. पोट तापलेलं, पाय मात्र गार.

आशा झाली त्या पहिल्या वर्षी तिच्याच नणंदेची पोर अशीच रडत नव्हती. तेव्हा मीनाबाईसुद्धा तिला गुणाची म्हणाली होती. त्या पोरीचं नाव ठेवायचं राहूनच गेलं.

ह्याला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं, असं तिनं सांगितलं. काशम्माला पटेना. पाच दिवसांवर बारसं, मोडनिंबहून जावयाची माणसं यायची, पाळणा रंगवून झालेला, लाडू सांगितलेले. बारसं उरकून दाखवू म्हणाली.

"काशम्मा, बारसं बाळाचं असतंय, पाळण्याचं न्हाय," मीनाबाई म्हणाली. "हे शानं न्हाय, दमलंय. रडायला ताकदच उरली न्हाय त्याच्यात."

 ऋतुजानं बाळ छातीशी धरलं आणि चपला शोधू लागली. मग काशम्माही शाल घेऊन उठली.

उपकेंद्रात कीर्ती सिस्टरनं बाळाच्या मांडीत अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन दिलं. जंतू रक्तात शिरल्यासारखं दिसतंय, म्हणाली, सोलापूर गाठेपर्यंत थांबायचं नाही. रुग्णवाहिका आली. मीनाबाई सोबत बसली, वाटभर बाळाला आईच्या उघड्या छातीशी ऊब मिळेल असं धरायला लावलं. सोलापुरात डॉक्टरांनी तपासून दहा दिवसांचं औषध सांगितलं. पहिला डोस गावातच झाला हे लई बरं झालं, असंही म्हणाले.

चौथ्या दिवशी मीनाबाईचा फोन वाजला. पलीकडं कुणी बोलेना, नुसता गळा काढलेला. मग काशम्माचा आवाज आला. "ऐकलंस का?" मीनाबाई भर रस्त्यात हसत उभी राहिली.

बारा दिवस भरले त्या दिवशी जावई मल्लिकार्जुन दवाखान्यात डबा घेऊन आला. तो अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला. बाळ आता चांगलं पितंय, रडतंय, चला की घरी, बारसं करून टाकू म्हणाला. चार दिवसांचं औषध अजून बाकी होतं.

"जावईबापू," काशम्मा म्हणाली, "टॉवेल अर्धा झाला की मागावरनं कापून घेता का तुमी?"

शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा हसली. मल्लिकार्जुन डबा उघडून वाढायला बसला. पुढं तर काशम्माच डोसाच्या वेळा पाठ करून बसली, नि पाच मिनिटं उशीर झाला की नर्सच्या मागं लागायची. औषधाचे दहा दिवस पुरे झाल्यावरच घरी आली.

बारसं चोविसाव्या दिवशी झालं. आजवर मीनाबाईचा चहा ओसरीवरच यायचा. त्या दिवशी काशम्मानं तिला दंडाला धरून आत नेलं आणि पाळण्याची दोरी तिच्या हातात दिली. आत्या नाव सांगायला कानाशी वाकली आणि बाळानं असा टाहो फोडला की महेश्वर हे नाव कुणालाच ऐकू गेलं नाही. बायकांनी कुर्र करून आत्याच्या पाठीत धपाटे घातले, दोन मीनाबाईलाही बसले. लई रडकं हाय गं, शेजारीण म्हणाली. काशम्मा फुलून आली. पार पेठेपर्यंत ऐकू जातंय, म्हणाली.

बाळ पिऊन गप झाल्यावर मीनाबाईनं घड्याळ काढलं आणि मोजलं. सेहेचाळीस. काशम्मानं तो आकडा परीक्षेच्या मार्कांसारखा सगळ्या बायकांना सांगितला.

घरी आल्यावर मीनाबाईनं धोंडिरामाच्या हातावर लाडू ठेवला. पिशवी खुंटीला अडकवली, चुलीत दोन लाकडं सारली आणि परातीत पीठ घेऊन कढत पाणी ओतलं. संध्याकाळच्या भाकरी व्हायच्या होत्या.