पिकल्या केसांचं मुखपृष्ठ

आमची दिवाळी गणपतीच्या आधीच येते. नाशिकहून निघणाऱ्या बायकांच्या एका मासिकाची मी मांडणी करते, आणि दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ श्रावणातच तयार लागतं. पणत्या विझू नयेत म्हणून पंखा बंद करायचा आणि घामाघूम होत लक्ष्मीपूजन उरकायचं, असा आमचा दरवर्षीचा सोहळा.

त्या मुखपृष्ठावर कायम एकच बाई असायची. चेहरा दर वर्षी नवा, पण बाई तीच. पैठणी, नथ, हातात तबक आणि नजर खाली, पणतीवर. वाचणारीकडे ती कधी बघायचीच नाही. कपाळावर एक बट, तीही मोजूनमापून सोडलेली. मागचा रंग लाल नाहीतर पिवळा, कारण स्टॉलवर दोरीला लटकलेल्या अंकांत तो लांबून दिसतो. एका बाजूला मोकळी जागा, फराळाच्या आणि सौंदर्याच्या मथळ्यांसाठी. घर उजळवावं आणि आपण मान खाली घालावी, असं ती बाई एक अक्षर न बोलता सांगायची. मला तिचा मनापासून वीट आला होता.

एका वर्षी मी संपादकबाईंकडे हट्टच धरला. पिकल्या केसांची साधी बाई घेऊ, वाचणारीच्या डोळ्यांत बघणारी. मागे गडद जांभळा पडदा. पणतीसुद्धा नको, केसांचाच उजेड पडेल. संपादकबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "करून बघ. पण अंक पडून राहिला, तर पुढच्या वर्षी तबक. आणि मग तोंडातून ब्र काढायचा नाही."

बाई माझ्या डोक्यात ठरलेली होती. माझी आई. ती सिन्नरला राहते, आणि तिच्या डोक्यावर काळा केस शोधून सापडत नव्हता. फोनवर मी एवढंच म्हटलं, की कव्हरवर तुझा फोटो घ्यायचाय. ती म्हणाली, "माझा? बरं, येते." तीच का, हे मी सांगितलं नाही. मला ते उघडच वाटलं होतं.

ठरल्या दिवशी आई एसटीने आली आणि इंदिरानगरातल्या स्टुडिओच्या दारात उभी राहिली. मी तिला क्षणभर ओळखलंच नाही. केस काळेकुळकुळीत, भुवया कोरलेल्या, कानाच्या पाळीवर रंगाचा डाग. संपादकबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा जांभळ्या पडद्याकडे. ते केस त्या रंगात पार बुडून जाणार होते.

"आई, हे काय केलंस?"

"काय म्हंजे? कव्हरवर जायचं तर अशीच जाऊ? सगळं सिन्नर बघणार हाय. पार्लरवालीनं लय चांगलं केलंय."

"अगं, मला तुझे पांढरे केसच हवे होते. त्यातून अर्थ निघणार होता."

"कसला अर्थ?"

मी समजावत बसले. वय लपवू नये, बाईनं आहे तशी समोर यावं, वगैरे. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे तुला केस पाहिजे होते," ती म्हणाली. "मला वाटलं, मी पाहिजे."

माझं पडलेलं तोंड बघून तिला हसू फुटलं. पदर तोंडाला न लावता, सरळ माझ्याकडे बघत ती खदखदून हसली. संपादकबाईंनी स्वतः उठून पडदा बाजूला ओढला, मागे स्टुडिओची पांढरी भिंत निघाली आणि छायाचित्रकाराने तेवढ्यात फोटो घेतला. दुसरा घ्यावाच लागला नाही. कॉम्प्युटरवर कानाचा डाग पुसायला माझा हात गेला होता, पण मी तो राहू दिला. मथळेही मी अगदी बारीक करून खाली ढकलले.

अंक हातोहात खपला. पण मला खरा आनंद झाला तो आईच्या फोनने. दिवाळीपर्यंत रंग उतरून तिचे केस मुळापासून पुन्हा पांढरे होत आले होते आणि तिने ते तसेच ठेवले होते. तशीच ती बसस्टँडवरच्या स्टॉलवर अंक घ्यायला गेली.

"स्टॉलवाल्यानं लगेच वळखलं," आई सांगत होती. "मी म्हणलं, फोटोत तर केस काळे हायत. तर म्हणतो, मावशी, केस कोण बघतंय, हसताय तुम्हीच की."