अक्काने धोंडूला ओवाळलं ती भाऊबीज

आमची अक्का गेली. सुगंधा तिचं नाव, पण बोरिवलीत आमच्या बाजूला सगळे तिला अक्काच म्हणायचे. माझी सख्खी मोठी बहीण. आम्हाला भाऊ नाही. आई मी लहान असताना गेली, तर अक्कानेच मला न्हाऊ घातलं, वेणी घातली, मारलं पण तिनेच. पुढे माझा नवरा गेला तेव्हा मी परत तिच्याकडेच राहायला आले. दोघी म्हाताऱ्या दिवसभर भांडायचो, रेडिओ मोठा का लावला म्हणून. आता शेजारणीचा कुकर वाजला तरी बरं वाटतं, कायतरी आवाज आला म्हणून.

भेटायला येतात ते सगळे तिच्या हातच्या जेवणाचं बोलतात. बोलू दे. जेवण होतंच तसं. मला मात्र तिची एक भाऊबीज सांगायची आहे. ती बघितलेली आता मी एकटीच राहिले.

आणे जाऊन नवे पैसे निघाले ते साल. अक्काला जोगेश्वरीला दिली होती, पण नवरा विषमज्वराने गेला आणि सासरच्यांनी तिला ट्रंकेसकट आमच्या बोरिवलीच्या चाळीत आणून सोडलं. बाबा परळला गिरणीत. अक्का घरी स्वयंपाक करून शिकणाऱ्या पोरांना जेवायला घालायची. त्यात एक धोंडू आला.

धोंडू मॉरिशसचा. कुठे ते आम्हाला काय ठाऊक. बाबा म्हणाले, लांब समुद्रात बेट आहे, बोटीने जातात. त्याचा पणजोबा आपल्या रत्नागिरीकडचा, उसाच्या कामाला गेला तो तिकडेच राहिला. नाव आपलं, नाक-डोळे आपले, पण तोंड उघडलं की वाट लागली. आजीकडून शिकलेली मराठी, ती पण अर्धी. अंधेरीच्या कॉलेजात मशीनचं कायतरी शिकायचा आणि आमच्या मागच्या गल्लीत खोली घेऊन राहायचा. सुट्टी लागली की बाकीची पोरं आपापल्या गावी जायची. हा कुठे जाणार? आमच्या पायरीवर येऊन बसायचा. अक्का तांदूळ निवडायची आणि हा बोलायचा.

अक्का तोपर्यंत हसायची नाही हो. हा आला आणि हसायला लागली.

चाळीत ते कोणाच्या नजरेतून सुटतंय? शेजारच्या नलिनीवहिनी नळावर मोठ्याने म्हणाल्या, "जेवण संपलं तरी ताट उचलत नाही वाटतं पाहुणा!"

बाबांच्या कानावर गेलं. दिवाळीच्या आदल्या दिवशी त्यांनी अक्काला समोर बसवलं.

"गो चेडवा, भाऊबीजेला त्या पोराला ओवाळ. एकदा भाऊ झाला की येऊ दे रोज, कोण बोलतंय बघतो. नायतर उद्यापासून त्याचं जेवण बंद."

नलिनीवहिनी दारातच होत्या. म्हणाल्या, "अहो पण तिने ओवाळायचं म्हणजे... तिचं कपाळ..."

"भावाक बहीण ओवाळता, वहिनी. कपाळ नाय ओवाळत," बाबा म्हणाले.

अक्का म्हणाली, "ओवाळीन की. त्यात काय." आणि उठून आत गेली.

आम्ही दोघी दरवर्षी चंद्रालाच ओवाळायचो. भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात. बीजेची कोर, दिवस बुडाला की दिसते आणि लगेच खाली जाते. चाळीच्या मागे ताडाची झाडं होती, त्यात ती कधी सापडायची, कधी नाही. म्हणून मला वाटलं, यंदा बरं झालं, खराखुरा भाऊ आला.

भाऊबीजेच्या दिवशी सकाळीच धोंडू आला. खांद्यावर दोरीचं वेटोळं, काखेत दोन चादरी.

"चला, समुद्रावर. सगळे. तिकडे राहायचं."

"राहायचं म्हणजे?" अक्का म्हणाली.

त्याच्याकडे म्हणे सुट्टीत घरंच्या घरं समुद्रावर जातात. सुरूच्या झाडांना चादरी बांधायच्या, खाली चूल मांडायची, रात्री तिथेच निजायचं. त्याला सकाळी उठल्यावर घराची आठवण आली आणि तो दोरी घेऊन निघाला, एवढंच.

बाबा हसायलाच लागले. "अरे, आमच्या गावात दर्यावर निजवतात ते मेलेल्या माणसाक!"

"मग मी एकटा जातो," धोंडू म्हणाला. तोंड एवढंसं झालं होतं त्याचं.

अक्काने पिशवी काढली, त्यात पोहे, करंज्या, पातेलं भरलं. मग निरांजन, अक्षता, कुंकू, सुपारी रुमालात बांधून वर ठेवलं. बाबांनी ते बघितलं आणि चपला घातल्या.

मिठागरातून चालत खाडीवर गेलो, होडीने पलीकडे गोराईला. केवढी ती वाळू! माणूस नाही. धोंडूने सुरूंना दोरी बांधली, एका बाजूला चादर, दुसऱ्या बाजूला अक्काचं जुनं लुगडं. वारा आला की लुगडं फुगायचं.

"झकास बिऱ्हाड मांडलंस रे," बाबा म्हणाले. "भाडं किती?"

कोळणीकडून बोंबील घेतले. धोंडूने चूल लावली, अक्काला हात लावू देईना. ती आपली हात मांडीवर ठेवून बसली. दुसऱ्याने रांधलेलं ती त्या दिवशी पहिल्यांदा जेवली असेल. बोंबील खाली करपले, वर कच्चे. अक्का म्हणाली, "कॉलेजात हेच शिकवतात काय रे?" आणि अशी हसली, अशी हसली, की बाबा उठून पाण्याकडे चालायला गेले.

दिवस बुडायला आला. मी कोर शोधत होते, मलाच पहिली दिसली, पाण्याच्या वर, केसासारखी. इथे ताड नव्हते, काय नव्हतं. मी ओरडले, "अक्का, आली!"

अक्काने रुमाल सोडला. वाळूचा पाट केला. निरांजन पेटवायला तीन-चार काड्या गेल्या, वाऱ्याने राहीना. मग मी पदर आडवा धरला. आधी आम्ही दोघींनी चंद्राला ओवाळलं. मग अक्का म्हणाली, "धोंडू, इथे बस."

"का?"

"बस रे. आज भाऊबीज. तुला ओवाळायचं."

"ओवाळलं की काय होतं?"

मीच बोलले, मला भारी हौस. "तू आमचा भाऊ होतोस. कायमचा."

तो बसला नाही. अक्काकडे बघितलं, मग वळून बाबांकडे गेला. बाबा सुरूला टेकून बिडी ओढत होते.

"मला भाऊ व्हायचा नाही," तो म्हणाला. "मला हिच्याशी लगीन करायचं. मी तिकडे नेईन. माझी आजी काय बोलणार नाही. तुम्ही द्या."

त्याची मराठी कधी एवढी सरळ निघाली नव्हती.

बाबांनी बिडी विझवली. समुद्राकडे बघत राहिले. मी त्यांचं तोंड बघत होते, धोंडू पण त्यांचंच तोंड बघत होता. अक्का ताट धरून उभी होती, निरांजन हाताने झाकून.

शेवटी बाबा म्हणाले, "सांज झाली. ओवाळतंस तर ओवाळ, चेडवा. नायतर ऱ्हवू दे."

एवढंच. हो पण नाही, नाही पण नाही.

मग अक्का म्हणाली, "बस, धोंडू." आता धोंडू बसला. तिने त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. त्याने खिसे चाचपले, ताटात टाकायला काय नव्हतं, तर मनगटातलं घड्याळ काढून ठेवलं. अक्काने ते त्याला परत घातलं, लहान मुलाला घालतात तसं.

रात्री मी आणि अक्का लुगड्याखाली, ते दोघे बाहेर वाळूवर. सकाळी पहिल्या होडीने परत.

धोंडू पुढे रोज जेवायला आला. कोणी काय बोललं नाही, नलिनीवहिनी तर "अगं तुझा भाऊ आला" म्हणून हाक मारायच्या. पण अक्का त्याला वाढायची नाही. मला पाठवायची. तो तिला "ताई" म्हणायचा, ते पण मान खाली घालून. परीक्षा झाली आणि बोटीने गेला. पोचल्याचं एक पत्र आलं, बाबांच्या नावाने. त्यानंतर बाबा कोणालाही सांगायचे, आमचा मुलगा मॉरिशसला असतो. अक्का ताटली आपटायची.

ती साठ वर्षं लोकांना जेवायला घालत राहिली आणि मी तिला एकदापण विचारलं नाही. आत्ता शेवटच्या आजारात विचारलं. म्हटलं, "अक्का, तुला जायचं होतं गं त्याच्याबरोबर?"

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, "त्याने बाबांना विचारलं. बाबांनी समुद्राला विचारलं. मी तिथेच उभी होते ना, सुलू."

"आणि तुला विचारलं असतं तर?"

"तर मी बोलले असते," अक्का म्हणाली. "आता पेज आण. तहान लागली."

पेज आणेपर्यंत तिचा डोळा लागला होता. मी परत नाही विचारलं.