पिठाचा खोकला

मलकापूरच्या पुढं, उसाची रानं संपून डोंगराचा चढ लागतो तिथं एक वाडी आहे, आणि वाडीच्या तोंडाशी रंगुबाईची पिठाची गिरणी. वाडीतल्या घरांना ना नंबर ना गल्ली. म्हणून ऑनलाइन काही मागवलं, की पत्त्यात सगळी वाडी एकच ओळ लिहायची : रंगुबाईच्या गिरणीजवळ. पार्सलवाला गिरणीत खोकी टाकून जायचा आणि ज्यानं त्यानं दळण न्यायला आल्यावर आपापलं उचलायचं. हे काम रंगुबाईला कुणी दिलं नव्हतं. ती नाही म्हणत नव्हती, एवढंच. नाही न म्हणण्याला लोक चांगुलपणा म्हणतात. निम्मा तो असतोही. उरलेली निम्मी हौस असते, आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय याची.

एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आली ती थेट गिरणीतच उभी राहिली, आणि आता अठ्ठावन्नाव्या वर्षीही तिथंच उभी होती. नवरा भाऊसो मोटर बघायचे, गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीनं टाकी लावायचे. दळण टाकायचं, पीठ भरायचं, लोकांची तोंडं सांभाळायची, हे हिच्याकडं. सिमेंटच्या फरशीवर एकोणचाळीस वर्षं उभं राहून टाचांना अशा भेगा पडल्या होत्या, की थंडीत त्यातनं रक्त यायचं. भाऊसोंनी त्याच वर्षांत खोकला कमावला होता. पीठ आणि दगडाची भुकटी छातीत बसलेली. डॉक्टरांनी कितीदा सांगितलं, तोंडाला फडकं बांधा. बांधलं नाही. वाडीला त्या खोकल्याची इतकी सवय झाली होती, की कुणी नवखा पाहुणा दचकून बघायला लागला तर शेजारचा म्हणायचा, "काय न्हाई ओ, पिठाचा खोकला हाय त्यो."

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतल्या लॉकडाऊनमध्ये कापडाची, भांड्यांची, चपलांची सगळी दुकानं बंद झाली. गिरणी अत्यावश्यक म्हणून चालू. ऑनलाइनसुद्धा गरजेचंच मागवायचं, असा सरकारी आदेश होता. पण गरज कशाला म्हणायचं हे ज्याचं त्यानं ठरवलं. वाडीत कानातली आली, रंगीत दिव्यांच्या माळा आल्या, केस सरळ करायचं यंत्र आलं. ज्यांच्या घरी माणूस ऑक्सिजनवर होतं त्यांच्या शेजारच्या घरी भिंतीवर चिकटवायची फुलपाखरं आली.

हे सगळं घेऊन यायचा गुंडा. चाळिशीचा, काळासावळा, दात पुढं आलेले, सतत बोलणारा. पलीकडं सांगली जिल्ह्यात नदीकाठी त्याचं गाव. तिथनं रोज सकाळी गळ्यात ओळखपत्र अडकवून जिल्ह्याची हद्द ओलांडायचा, मलकापुरातनं पार्सलं उचलायची आणि दिवस मावळेपर्यंत वाड्यावस्त्या करायच्या.

"मावशी," तो गिरणीच्या दारात ओरडायचा, "सरकार म्हणतंय गरजेचंच मागवा. हितं लोकांची गरज बघून मला घेरी यायला लागलीय."

"मग कशाला आणतुयास? सोडून दे की."

"आणि घरी काय खाऊ? ही फुलपाखरं?"

रंगुबाई हसायची. ही खोकी बघून तिच्याही मनात काय काय यायचं. इतक्या वर्षांत दुसऱ्यांची पार्सलं सांभाळली, तिच्या नावाचं एकही कधी आलं नव्हतं. शेजारची सून शिवांजली एकदा मोबाईलवर काहीतरी बघत बसलेली. तिनं दाखवलं : जाड, मऊ तळव्याची चप्पल. टाचदुखीवर, भेगांवर. "आत्ती, ह्याला डॉक्टर चप्पल म्हणत्यात. औषधाच्या यादीत दाखवलंय, म्हणजे चालतंय. मागवू?"

टाच आज दुखत नव्हती. ती अकरा वर्षं दुखत होती. अजून एक महिना थांबली असती तर पाय तुटून पडला नसता, हे रंगुबाईलाही कळत होतं. तरी ती म्हणाली, "मागव."

अकरा मे, मंगळवार. सकाळी भाऊसोंनी चहाचा एक घोट घेतला आणि कपाकडं बघत बसले.

"ह्याला चवच न्हाई गं."

"साखर कमी पडली आसंल," म्हणून तिनं अजून अर्धा चमचा टाकला. त्यांनी परत घोट घेतला, मान हलवली आणि कप खाली ठेवला. दोन दिवस अंगही कोमट होतं. खोकला होता, पण तो काय कायमचाच. चव जाते म्हणजे काय, हे तोवर शेंबड्या पोरालाही माहीत झालं होतं. रंगुबाईलाही माहीत होतं. पण तपासणी केली, की दारावर कागद चिकटणार, गिरणीला कुलूप लागणार, भाऊसोंना उचलून नेणार आणि नेलेली माणसं परत येतात कुठं? तिच्या मनानं पटकन सोयीचं उत्तर काढलं. पिठाचा खोकला.

अकराच्या सुमाराला गुंडाचा फोन आला. "मावशी, वाडीत आज तुमचं एकटीचंच पार्सल हाय. उद्या-परवा दुसरं काय आलं की संगंच आणू का? उगंच चौदा किलोमीटरची खेप पडतीया."

इथंच सगळं होतं. त्यानं आपणहून विचारलं होतं. आणि जी बाई उभ्या जन्मात कुणाला नाही म्हणाली नाही, ती त्या दिवशी म्हणाली, "न्हाई रं, आजच आण. माझ्या नावाचं पहिल्यांदाच आलंय."

"बरं मावशी. आणतो."

दोनला तो आला तेव्हा रंगुबाई दळणात होती. पट्टा चालू, वरच्या टोपात गहू ओतलेले, मोटर सोडून हलता येईना. तिनं आतनंच खूण केली. भाऊसो कॉटवरनं उठून दारात गेले. पार्सल द्यायला मोबाईलवर आलेला आकडा सांगावा लागतो. भाऊसोंना चष्म्याशिवाय दिसेना, चष्मा सापडेना. गिरणीच्या आवाजात एकमेकांचं ऐकू येईना. गुंडानं मास्क हनुवटीवर ओढला आणि भाऊसोंच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, "काका, मेसेज उघडा, मेसेज!" भाऊसो ओरडले, "कुठला?" आणि खोकल्याची उबळ आली. दोघं एकाच मोबाईलवर वाकलेले, डोक्याला डोकं लागलेलं. पाच मिनिटं तरी चाललं असेल. रंगुबाई पिठाच्या धुरळ्यातनं बघत होती. मोटर बंद करून दारात जायला तिला दहा पावलं लागली असती.

जाताना गुंडानं खोकं वर धरून दाखवलं. "मावशी, मला वाटलं नाव छापायला चुकलं! वापरा आता सुखानं!"

चौथ्या दिवशी भाऊसोंना धाप लागली. मग लपवण्यासारखं काही राहिलं नाही. कराडला नेलं, तपासणीत कोरोना निघाला तो निघालाच. अकरा दिवसांनी ते परत आले. निम्मे झालेले, पण चालत आले. गिरणी दहा दिवस बंद राहून उघडली. लोक भीतभीत का होईना यायला लागले, पीठ तर लागतंच.

पार्सलं मात्र नवाच माणूस आणायला लागला. तो बोलायचा नाही. खोकी दाराबाहेर टाकून जायचा. रंगुबाईनं गुंडाचं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

ते सत्तावीस मेला फोनवरनं आलं. बाईचा आवाज होता, कोरडा. "मी गुंडाची बायको विजयमाला बोलतीय. आमचं मालक तीन दिवसामागं वारलं. त्यांच्या मोबाईलवर अकरा तारखंला तुमचा नंबर दिसतुया. तुमच्याकडं आलते का?"

"आलता."

"तुमच्या घरात तवा कोण आजारी होतं का? मी सगळ्यास्नीच इचारतीय. तुमी एकल्याच न्हाई."

भाऊसो समोर कॉटवर पडून डाळीचं पाणी पीत होते. रंगुबाईच्या तोंडातनं निघालं, "न्हाई."

"बरं," म्हणून तिनं फोन ठेवला. पुढचा नंबर लावायला.

हे 'नाही' रंगुबाईला पचलं असतं. माणसं यापेक्षा मोठी खोटी पचवून साठ-सत्तर वर्षं ढेकर देतात. पण शिवांजलीचं माहेर गुंडाच्याच गावचं, त्याच्याच भावकीतलं. आठ दिवसांनी दळण घेऊन आली ती सांगतच आली, "आत्ती, त्या गुंडादादांच्या घरी लय वाईट चाललंय बघा. विजयमालावैनी बापाच्या दहाव्याला माहेरी जाऊन आल्या होत्या नव्हं, तिनंच रोग आणला म्हणत्यात. तिची तपासणी चांगली आली, तरी कोण ऐकाय तयार न्हाई. नवऱ्याच्या दहाव्याला नदीवर जाऊ दिलं न्हाई तिला. गुरांच्या सपरात ठेवलंय, ताट लांबनं सरकवत्यात. भावकीच्या ग्रुपवर तर नुसती शिवी घालायची तेवढी ऱ्हायलीय."

रंगुबाई पीठ चाळत होती. चाळण थांबली. "माझं दळण ऱ्हाऊ दे आत्ती," असं शिवांजली का म्हणाली, रंगुबाईचा चेहरा बघून की काय, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगुबाई दुधाच्या टेम्पोत बसली. दूध अत्यावश्यक, त्याला कुठं अडवत नाहीत. हिला अडवलं. जिल्ह्याच्या हद्दीवर पोलिसानं टेम्पोत डोकावून विचारलं, "मावशी, पास?"

"न्हाई."

"मग काय अत्यावश्यक काम हाय?"

"दुखवट्याला निघालीय."

"लांबनं फोन करायचा. सगळे तसंच करत्यात."

"फोनवर एकदा बोललीय," रंगुबाई म्हणाली. "खोटं बोललीय."

पोलिसानं टेम्पोतनं डोकं बाहेर काढलं. मागं उसाचा रिकामा ट्रॅक्टर हॉर्न मारत होता. "जावा," तो म्हणाला.

घर सापडायला वेळ लागला नाही. अंगण, ओसरी, एका बाजूला सपार. सपराच्या दारात तिशी-पस्तिशीची बाई गुडघे जवळ घेऊन बसलेली. ओसरीवर सासू, बयाबाई. रंगुबाई अंगणाच्या कडेलाच थांबली.

"मी गिरणीवाली रंगुबाई. गुंडा आमच्याकडं यायचा."

"बसा," बयाबाई सवयीनं म्हणाली.

"बसायला न्हाई आले. तुमच्या गुंडाला रोग हिनं न्हाई दिला. आमच्या घरातनं गेला. मालकांना ताप होता, चव गेलीवती, मला ठाव होतं. मी पिठाचा खोकला म्हणाले. गुंडा उद्या येतो म्हणत होता, मीच आजच ये म्हणाले. मालकांच्या तोंडाला तोंड लावून उभा होता त्यो, मी आतनं बघितलं." एका दमात सांगितलं. मधे थांबली असती तर पुढचं निघालं नसतं.

मग बयाबाईनं विचारलं, "तुमचं मालक?"

"बरं हायती. घरी हायती."

"काय आणाय लावलं होतं त्याला?"

"चप्पल."

"चप्पल," बयाबाई म्हणाली. रंगुबाईला वाटलं, आता ही उठून अंगावर येईल. यायलाच हवी होती. पण म्हातारीनं मान वळवली ती सपराकडं. "आन् तू त्याला जाऊ दिलंस. साऱ्या गावात मढी पडत असताना लोकांच्या चपला वाटाय. हात धरून बसवलं असतंस तर?"

रंगुबाईला आपण कशासाठी आलो हेच क्षणभर कळेना. खरं सांगितलं, की वजन उतरतं आणि ज्याचं त्याच्या पदरात पडतं, असं काहीतरी ती मनात धरून आली होती. तसं होत नाही. ज्या घरात सुनेला दोषी धरायचंच ठरलेलं असतं तिथं कारणं बदलतात, सून तीच राहते.

विजयमाला उठून पुढं आली. डोळे कोरडे.

"ऐकलंसा? दहा दिवस ह्येच चाललंय. तुमी फोनवर न्हाई म्हणालात तवा तुमच्या नावावर मी काट मारली. मला वाटलं, मग मीच आणला असंल. मला बी पटाय लागलं होतं, मावशी. मीच मारलं म्हणून."

"पोरी, मला माफ..."

"ते नगं. ते घिऊन मी काय करू?" तिनं कमरेचा मोबाईल काढला. "आत्याबाई ऐकायच्या न्हाईत, त्यास्नी सोडा. पर भावकीच्या ग्रुपवर दीडशे माणसं हायती. सगळ्यांनी मला लिव्हलंय. तुमी आत्ता बोललात ते परत बोला. मी घेते आन् टाकते."

त्या ग्रुपवर शिवांजलीचा बाप होता, भाऊ होते. संध्याकाळच्या आत ते वाडीत फिरणार होतं. उद्या गिरणीच्या दारात कोण येणार, कोण येणार नाही, भाऊसो कॉटवर पडल्या पडल्या काय काय ऐकणार, हे सगळं रंगुबाईला दिसत होतं.

"नाव घ्यायचं?" तिनं विचारलं.

"नाव, गाव, गिरणी. चप्पल बी. आन् तोंडावरचं काढा, माणूस वळखू आलं पायजे."

रंगुबाई मागं सरकत सरकत अंगणाच्या पार कडेला, बाभळीच्या काट्यांच्या कुंपणाला पाठ टेकेपर्यंत गेली. मास्क काढून मुठीत धरला. डोक्यावरचा पदर सारखा केला. ओसरीवरनं बयाबाई उठली, आत गेली, दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"हितनं दिसतीय का?"

"दिसताय. बोला."

"माझं नाव रंगुबाई भाऊसो शेवाळे," ती म्हणाली. विजयमालानं मोबाईल दोन्ही हातांनी धरला.