पस्ताना पुढे, आम्ही घरी

आफ्रिकेला जायला आम्ही नवराबायको होळीच्या आधीच रीतसर निघालो, आणि त्यानंतर बरेच दिवस वरवट बकालमध्येच राहत होतो.

यात खोटं काहीही नाही. त्या दिवसांत गावातल्या कोणालाही विचारलं असतं, तर त्याने गंभीर चेहऱ्याने सांगितलं असतं, "नारायण फिटर? तो आफ्रिकेले गेला. आता जिनात असन, जाऊन पाह्य."

जिन म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. मी तिथे यंत्रं दुरुस्त करायचो. एक दिवस मुंबईच्या एका शेठजींचे मगनलाल मुनीम तिथे आले. शेठजींचा असाच एक कारखाना आफ्रिकेत होता, यंत्रं आमच्यासारखीच म्हातारी होती आणि त्यांना फिटर हवा होता. पगार चांगला, घर फुकट, अट एकच.

"बायडी बरोबर पायजे," मुनीम म्हणाले. "एकटा माणूस तिकडे टिकत नाय. पैला फिटर सांज झाली का रडत बसायचा. शेठ म्हणतात, त्याच्या रडण्याने मशिनला गंज लागला."

मी म्हणालो, विचार करून सांगतो. मला वाटतं, सगळ्या घोळाची सुरुवात या वाक्यापासून झाली, कारण मी खरोखरच विचार करायला बसलो.

आता माझी परिस्थिती सांगतो. त्या काळी आमच्या वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चाले, आणि नागपूर पाहून आलेला माणूससुद्धा गावात जग हिंडलेला मानला जाई. मी नागपूर पाहिलं नव्हतं. मी पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे पूर्णेचा पूर, आणि तोही झाडावर चढून. मला आफ्रिकेला जायची हौस होती आणि जायची भीती होती, दोन्ही सारखीच होती. अशा वेळी शहाणा माणूस जे करतो तेच मी केलं. सगळं बायकोवर ढकललं.

द्वारका जिनात माझी भाकर घेऊन आली, तेव्हा मी तिला गाठलं. (घरात माय आणि थोरल्या भावासमोर बायकोशी बोलायची सोय नव्हती.)

"तुले काय वाटते?" मी विचारलं.

"तुम्ही म्हनसान तसं."

"माहं सोड. तुहं सांग."

"माहं काय राह्यते त्याच्यात? तुम्ही जासान त मी येईन, तुम्ही राहसान त मी राहीन."

इतकी आज्ञाधारक बायको मिळाली की माणसाला पळवाट उरत नाही. मी गावभर सांगत सुटलो, "तिची मर्जी असन त पाहू." आणि ती बायकांत सांगायची, "ह्यायची मर्जी असन त पाहू." असे आम्ही दोघं एकमेकांच्या मर्जीची वाट पाहत असताना माय जोशी महाराजांना घेऊन आली.

महाराजांनी पंचांग उघडलं. "होळी झाली का शुक्र डुबते," ते म्हणाले. "मंग लांबच्या वाटेले मुहूर्त नाही. आज दुपारचा तेवढा हाय."

"पन आमचं जायचं ठरलं नाही अजून," मी म्हणालो.

"ठरवाले मुहूर्त लागत नाही, निघाले लागते. पस्ताना ठेवून घ्या. ठरलं त कामी येईन."

आता पस्ताना म्हणजे काय, हे हल्लीच्या मंडळींना सांगायला हवं. मुहूर्त आज आहे पण गाडी नंतर आहे, असं असलं की आपल्या वापरातल्या वस्तूंचं एक गाठोडं बांधायचं आणि ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या एखाद्या घरी मुहूर्तावर नेऊन ठेवायचं. म्हणजे आपण निघालो. शरीर सवडीने मागून येतं. याचे नियमही आहेत. गाठोडं मागे आणायचं नाही, फार दिवस एका ठिकाणी ठेवायचं नाही, आणि हलवलंच तर पुढे हलवायचं. हा शेवटचा नियम मी त्या दुपारी नीट ऐकला नाही.

गाठोड्यात मी माझा मोठा पाना घातला. उस्तादाने दिलेला, माझ्या हाताला बसलेला. द्वारकाने तिचं जरीकाठी लुगडं घातलं, जे ती सणालासुद्धा घड्या मोजून नेसायची. मायने तांदूळ, सुपारी आणि हळकुंड टाकलं. आफ्रिका पश्चिमेला आहे असं मुनीम म्हणाले होते, आणि गावात सर्वांत पश्चिमेला उस्मानभाई मण्यारांचं घर होतं. सगळ्या गावच्या बायका त्यांच्याकडून बांगड्या भरायच्या. उस्मानभाईंनी गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं आणि कोनाड्यात ठेवलं.

"फिकर मत करो," ते म्हणाले. "अमानत हाय. तुम्ही जासान तवाच हात लागन त्याले."

घरी येऊन पाहतो, तो माझा पाट ओसरीवर मांडलेला.

"माय, आत काऊन नाही?"

"निघालेला मानूस पाहुना असते," माय म्हणाली, आणि तिने मला कधी नव्हे ते आग्रह करकरून वाढलं. द्वारकालाही तिने चुलीजवळ फिरकू दिलं नाही. निघालेल्या सुनेला कामाला लावलं तर लोक काय म्हणतील! पहिले चार दिवस आम्हाला हे फार आवडलं. नंतर माय भाकरीचा अंदाज घेताना आम्हाला धरेनाशी झाली. "तुम्ही त गेले ना," ती म्हणायची, आणि तव्याकडे पाहून आणखी एक भाकर थापायची.

खरी पंचाईत जिनात झाली. मोठं चाक अडलं. त्याची चाकी, म्हणजे नट, माझ्या पान्याखेरीज कशालाच दाद देत नसे. मी उस्मानभाईंकडे धावलो.

"उस्मानभाई, घडीभर पाना द्या."

"निघून राह्यले का?"

"नाही. चाक कसाचं हाय."

"जिन कोन्या बाजूले हाय?"

जिन पूर्वेला होता. उस्मानभाईंनी मान हलवली. "मांगं नाही जात पस्ताना. तुमच्या मायनं सांगतलं मले. उद्या तुमचं जहाज डुबलं, त गावात मी काय तोंड दाखवू?"

मी पुष्कळ विनवण्या केल्या. त्यांनी मला चहा दिला, पाना दिला नाही. शेवटी चार माणसांनी ते चाक आसासकट उचलून बैलगाडीत घातलं आणि आम्ही सगळा जिन, म्हणजे त्याचा मुख्य अवयव, उस्मानभाईंच्या अंगणात आणला. तिथे पाना पश्चिमेचा पश्चिमेला राहिला आणि काम झालं. बांगड्या भरायला आलेल्या बायका ओट्यावर बसून पाहत होत्या. जिनाचे मिस्त्री, म्हणजे माझे वरिष्ठ, माझ्याशी त्यानंतर बरेच दिवस बोलले नाहीत.

"तुम्ही आफ्रिकेले जाऊन राह्यले," उस्मानभाई अंगणातलं ग्रीस पाहत म्हणाले, "का आफ्रिका माह्या आंगनात आनून राह्यले?"

इतकं झाल्यावर माणसाने जावं की राहावं हे ठरवायला हवं होतं. मी विचार चालू ठेवला. तेवढ्यात महाराज म्हणाले की एका घरी पस्ताना फार दिवस झाला, आता तो हलला नाही तर वाया जातो. मी म्हटलं, जाऊ दे वाया. पण द्वारका हळूच म्हणाली, "जामोदच्या जळगावले आत्याकडे लगन हाय. पश्चिमेलेच हाय ते. मले लुगडं बी नेसता येईन."

सोय चांगली होती. ती गेली, लग्नात लुगडं नेसली, पुन्हा घडी घालून गाठोड्यात ठेवलं, गाठोडं आत्याकडे ठेवलं आणि रिकाम्या हाताने परत आली. मला बरंच वाटलं. निदान गावातून ब्याद गेली. मिस्त्रींनी जिनासाठी नवा पाना आणला, आणि दोन आठवडे आम्ही सुखाने घरी पाहुणे म्हणून राहिलो.

मग द्वारका म्हणाली, "आत्या म्हनते, तिच्याकडं लई दिवस झाले. नांदुऱ्याले माहा भाऊ हाय अडत्याच्या दुकानात. तिकडं कापसाची गाडी जाऊन राह्यली. देऊ का धाडून?"

"दे," मी म्हणालो. मला त्यात काही जोखीम दिसली नाही. गाठोडं नांदुऱ्याला गेलं काय आणि जळगावात राहिलं काय, मी तर वरवट बकालमध्येच होतो.

नांदुरा हे रेल्वेचं स्टेशन आहे, ही गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. मुनीम मंडळी कापूस पाहायला जिथे उतरतात ते हेच स्टेशन. एक दिवस द्वारकाचा भाऊ घामाघूम होऊन आमच्या दारात उभा राहिला.

"दाजी, तुमचा पस्ताना ममईले गेला!"

"कोनं नेला?"

"मगनलाल मुनीम आले दुकानात. हे कोनाचं गाठोडं म्हने. मी म्हनलं, आमचे दाजी आफ्रिकेले जाऊन राह्यले, त्यायचा पस्ताना. तो मानूस असा खूश झाला का मले पेढे दिले. म्हने, सामान आलं म्हंजे मानूस येतेच. घेऊन गेला. म्हने, शेटजी टिकटं काढतीन, दोघांचीबी. आता लवकर धाडा म्हने."

मी मटकन खाली बसलो. ओसरीवरच बसलो, कारण माझी जागा आता तिथेच होती. मायकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, "माय, जाऊ का नको?"

मला वाटलं होतं, ती नको म्हणेल. खरं सांगायचं तर मला ते ऐकायचं होतं. ती म्हणाली असती तर मी त्याच क्षणी सुटलो असतो, आणि जन्मभर तिच्या नावाने खडे फोडायलाही मोकळा राहिलो असतो.

माय तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही. "मले काय इचारतं बापा," ती म्हणाली. "तुम्ही त होळीच्या आंधीच गेले. माहं रडून झालं तवाच. आता काय डबल रडू?"

मला फार वाईट वाटलं. तिच्या त्या आग्रहाच्या वाढण्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

तरीही मी ठरवलं नाही. मी एवढंच ठरवलं की मुंबईला जाऊन गाठोडं ताब्यात घ्यायचं आणि समोरासमोर बोलायचं. लुगडं तिचं होतं, म्हणून द्वारका बरोबर. महाराज म्हणाले, मुंबईपर्यंत जाऊन आलात तरी पस्ताना फळाला आला असं धरता येईल. या तोडग्यावर मी इतका खूश झालो की भावाला सांगून ठेवलं, "चार दिवसांत वापस येतो." द्वारकाने मात्र मसाल्याचे डबे, जातं नाही पण खलबत्ता, गोधडी आणि तुळशीचं बी बांधून घेतलं. मी विचारलं, चार दिवसांसाठी हे कशाला? ती म्हणाली, "राहू द्या. परक्या गावात लागते." मुंबईत तुळशीचं बी कशाला लागतं हे मी विचारलं नाही.

शेठजींच्या पेढीवर पोचलो तर आमचं गाठोडं गादीच्या कोपऱ्यात ठेवलेलं. द्वारका तडक गेली आणि ते मांडीवर घेऊन बसली. शेठजी मोठा सज्जन माणूस. त्यांनी पाणी दिलं, प्रवास कसा झाला विचारलं, आणि मग मऊ आवाजात म्हणाले, "नारायणभाई, बोट तयार आहे. जबरदस्ती नाही. तुमचं मन काय म्हणतं? नक्की यायचं ना?"

इतक्या दिवसांत मला इतकं नीट कोणीच विचारलं नव्हतं. मी घसा साफ केला. एका बाजूने भीती होती, एका बाजूने हौस होती, आणि दोन्ही अजून अगदी सारख्याच होत्या. मी म्हणालो, "त्याचं असं हाय शेटजी, तसं पाहिलं त..."

आणि आमची द्वारका, जी सासरच्या वडीलधाऱ्यांसमोर कधी मान वर करून बोलली नव्हती, ती पदर सावरून परक्या माणसाला स्पष्ट म्हणाली, "ह्यायले नका इचारू, शेटजी. हे मंग इचार करत बसतीन. बोट कोन्या बाजूनं हाय ते सांगा."

शेठजींनी मला पुन्हा काही विचारलं नाही.

आफ्रिकेत आम्ही पुष्कळ वर्षं काढली, सुखाने काढली. तिकडच्या आपल्या मंडळींत मी धाडसी माणूस म्हणून ओळखला जायचो. नवी तरुण पोरं येऊन विचारायची, बायकोला घेऊन एवढ्या लांब यायचा निर्णय तुम्ही घेतला तरी कसा? मी म्हणायचो, अगदी शांतपणे. आणि ते खरंच होतं. तो निर्णय घेतला जात असताना मी इतका शांत होतो की मला पत्ताच लागला नाही.