अंगठ्याची शाई
नातवंडांनो, परवा बँकेत शाईच्या पॅडचा वास आला आणि अंजूर गावातल्या आपल्या घराच्या ओटीवरची ती दुपार आठवली. सासऱ्यांचं शेत गोदामवाल्याला विकायचं होतं, त्यासाठी माझ्या नणंदेने हक्क सोडायला हवा होता. कागद इंग्रजीत, म्हणून वाचायला मला बसवलं. "वयनी, व्हॉलंटरीली म्हंजे काय गो?" नणंदेने मधेच विचारलं. "स्वखुशीने." "मंग मना कोनी इचारलं?" दीर दारातच उभे होते, तुमचे आजोबा खाली बघत होते. "वहिनी, पुढं वाचा," दीर म्हणाले. मी वाचलं. तिने अंगठा उठवला आणि बोट माझ्या पदराला पुसलं. बाळांनो, फोनवर तुम्ही मला शब्दांचे अर्थ विचारता. त्या दुपारीही अर्थ मी बरोबर सांगितला होता, आणि तरी पुढे वाचत गेले.